स्वयंचलित युनिट टेस्ट निर्मिती आणि टीडीडी

प्रोग्रामचा एखादा लहान भाग, म्हणजे एखादे फंक्शन किंवा क्लास, सुटा काढून तपासणाऱ्या टेस्ट माणसाने न लिहिता साधनाकडून लिहून घेण्याची पद्धत. साधन तयार कोड वाचते किंवा चालवून पाहते, त्याला द्यायची इनपुट शोधते आणि कोडने दिलेले उत्तर 'अपेक्षित उत्तर' म्हणून टेस्टमध्ये नोंदवते. या शेवटच्या पायरीमुळेच तिचे टीडीडीशी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट), म्हणजे आधी टेस्ट आणि मग कोड लिहिण्याच्या शिस्तीशी, सहजी जुळत नाही.

टीडीडीला आजचे रूप केंट बेक यांनी दिले. 1997 साली झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात त्यांनी आणि एरिक गामा यांनी जेयुनिट या जावामधल्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाची पहिली आवृत्ती लिहिली आणि जावाच्या जगात युनिट टेस्ट रुजल्या. टीडीडीचे चक्र छोटे असते : नापास होणारी टेस्ट लिहायची, ती पास होण्यापुरताच कोड लिहायचा, मग कोड नीटनेटका करायचा. टेस्ट लिहिताना कोड अस्तित्वातच नसतो. त्यामुळे फंक्शनचे नाव काय, त्याने काय घ्यावे, काय परत द्यावे, हे प्रोग्रामरला आधीच ठरवावे लागते. ती टेस्ट म्हणजे तपासणी तर असतेच, पण त्याआधी रचनेचा विचार असतो.

टेस्ट निर्मितीच्या साधनांचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. जेम्स किंग यांनी 1976 साली मांडलेल्या सिम्बॉलिक एक्झिक्युशनमध्ये खऱ्या आकड्यांऐवजी चिन्हे घेऊन प्रोग्राम चालवतात आणि प्रत्येक फाट्यावर कोणती अट पुरी व्हावी लागते याची समीकरणे मांडतात. ती सोडवली की नेमके त्या वाटेने नेणारे इनपुट मिळते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे पेक्स याच वंशातले, पुढे ते व्हिज्युअल स्टुडिओत इंटेलिटेस्ट म्हणून आले. 2007 सालचे रँडूप यादृच्छिकपणे मेथड कॉलच्या साखळ्या जोडते आणि आधीच्या साखळीचा निकाल पाहून पुढची वाढवते. गॉर्डन फ्रेझर आणि अँड्रिया आर्कुरी यांचे इव्होसूट (2011) जनुकीय अल्गोरिदम वापरते : टेस्टचे संच एकमेकांशी संकरित करून जास्त कव्हरेज देणारे, म्हणजे कोडचा जास्तीत जास्त भाग चालवून पाहणारे संच पुढच्या पिढीत नेते.

अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एस.टी.च्या सवलतीत 75 वर्षे पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत आहे, तर 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. समजा, भाडे मोजणाऱ्या फंक्शनमध्ये प्रोग्रामरने चुकून 'वय 75 पेक्षा जास्त' अशी अट घातली. सिम्बॉलिक साधन 75 ही सीमा अचूक हेरेल, त्या वयाची टेस्टही लिहील, पण अपेक्षित उत्तर म्हणून निम्मे भाडे नोंदवेल. टेस्ट हिरवी, म्हणजे पास, होईल आणि चूक तिथेच पक्की बसेल. टीडीडीत हीच टेस्ट शासनाचा नियम वाचून लिहिली गेली असती. बरोबर उत्तर कोण सांगणार, या प्रश्नाला 'ओरॅकलची समस्या' म्हणतात. टेस्टिंगमध्ये ओरॅकल हा शब्द विल्यम हाउडन यांनी 1978 साली आणला.

काही चुका मात्र कोणी न सांगताही ओळखता येतात. प्रोग्राम कोसळू नये, कोणतीही वस्तू स्वतःशी समान असावी, हे नियम सर्वत्र लागू आहेत. एवढ्याच भांडवलावर रँडूपने जावाच्या स्वतःच्या कलेक्शन लायब्ररीत 'स्वतःशीच समान नसलेला' संच सापडवून दाखवला, आणि हे यश खरोखर मोठे आहे. तरी कव्हरेजच्या आकड्याला भुलू नये. 2013 साली फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी 49 जणांवर केलेल्या प्रयोगात इव्होसूट वापरणाऱ्यांचे कव्हरेज बरेच वाढले, पण त्यांना सापडलेल्या बगांची संख्या मोजता येईल इतकी वाढली नाही.

जुन्या, टेस्ट नसलेल्या कोडवर ही साधने सर्वांत उपयोगी पडतात. तिथे 'आज हा कोड काय करतो' एवढेच टिपून ठेवायचे असते, म्हणजे रिफॅक्टरिंग, म्हणजे कोडची फक्त रचना सुधारण्याचे काम, करताना वागणूक बदलली तर लगेच कळते. मायकेल फेदर्स अशा टेस्टना कॅरॅक्टरायझेशन टेस्ट म्हणतात. मात्र गरज बदलल्यावर शेकडो टेस्ट एकदम लाल, म्हणजे नापास, होतात आणि त्या न वाचता पुन्हा निर्माण करून टाकण्याचा मोह होतो. तसे केले की त्या राखण करीनाशा होतात.

दोन्ही पद्धती खऱ्या अर्थाने एकत्र येतात त्या गुणधर्म-आधारित टेस्टिंगमध्ये. कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी 2000 साली हॅस्केल भाषेसाठी क्विकचेक बनवले. पायथॉनमध्ये त्याच धर्तीचे हायपोथिसिस आहे. 'यादी दोनदा उलटी केली की मूळ यादी मिळते' असा गुणधर्म माणसाने कोडच्या आधी लिहायचा आणि तो मोडणारी इनपुट यंत्राने शोधायची. काय बरोबर हे माणूस ठरवतो, कष्टाचा शोध यंत्र घेते.

मोठ्या भाषा-मॉडेलांनी, म्हणजे मजकूर आणि कोड लिहिणाऱ्या एआयने, लिहिलेल्या टेस्ट वाचायला सोप्या असतात, नावेही अर्थपूर्ण असतात. पण मॉडेलला फक्त कोड दाखवला तर ते 75 वर्षांच्या प्रवाशाला निम्मे भाडेच लावण्याची शक्यता असते. नियमाचा मजकूर देऊन, कोड लिहिण्याआधी टेस्ट मागितली तर उत्तर नियमातून येते. मात्र ती टेस्ट नियमाशी ताडून पाहण्याचे काम प्रोग्रामरकडेच राहते.