गिझर किती लिटरचा घ्यायचा? सकाळी धावपळ असलेल्या घरांसाठी

दुकानात आल्या आल्या विचारतात, घरात पाच माणसं, किती लिटरचा देताय? आम्ही उलट विचारतो, पाचातली सकाळी लागोपाठ न्हाणीत जाणारी किती, आणि बादली की शॉवर? आजी दुपारी आंघोळ करत असेल तर तिच्यासाठी टाकी वाढवायची गरजच नाही, तोवर पाणी परत तापलेलं असतं.

आता हिशोब. टाकीत पाणी ६० डिग्रीला ठेवा, अंगावर घ्यायला ४० बस्स होतं, आणि आपल्या गोव्यात थंडीतसुद्धा नळाचं पाणी काही बर्फ नसतं, २५ च्या आसपास धरा. म्हणजे २० लिटरच्या बादलीला साडेआठ-नऊ लिटर गरम लागतं, बाकी थंड. २५ लिटरमधून अडीच बादल्या आरामात निघतात, पूर्ण तीन आम्ही सांगत नाही, कारण गरम पाणी काढाल तसं आत थंड शिरतं आणि शेवटी कोमटच येतं. शॉवरचं गणित वेगळंच, साधा शॉवरसुद्धा मिनिटाला ८-१० लिटर ओततो, कॉलेजवाला मुलगा १० मिनिटं आत राहिला की ४० लिटरभर गरम पाणी एकटाच संपवणार!

संपलेलं २५ लिटर परत तापायला २ किलोवॉटच्या गिझरला अर्धा तास लागतो, पण व्होल्टेज २३० असेल तर. ते १९० वर घसरलं की अर्ध्याचा पाऊण तास होतो आणि मग गिझर खराब दिला म्हणून आम्हाला फोन.

तर बादलीवाली चार-पाच माणसं, मध्ये पाच-दहा मिनिटं जात असतील, तर २५ लिटर पुरे. शॉवरवाली दोघं-तिघं एकामागून एक असतील तर ५० बघा. दोन बाथरूम लांब असतील तर एकच मोठा नको, दोन छोटे बरे, नाहीतर प्रत्येक वेळी पाइपातलं थंड पाणी आधी सोडत बसायचं. फक्त दोन्ही एकदम लावले की ४ किलोवॉट होतात, तेवढा लोड मंजूर आहे का ते बिलावर बघा, आणि प्रत्येकाला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट लागेल.

चवथीला घर पाव्हण्यांनी भरतं म्हणून कुणी १०० लिटरचा मागतं, आम्ही शक्यतो देत नाही. मोठी टाकी नुसती चालू ठेवली तरी वीज खाते, आणि चार दिवसांसाठी जुन्या घरात चुलीवर पाणी तापवायचं भाण असतंच की.

बोअरवेलचं पाणी असेल तर आधी सांगा, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड लवकर झिजतो, वर्षातून एकदा उघडून बघायला हवा. प्रेशर पंप असला किंवा फ्लॅट उंच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर असला तर ८ बार (पाण्याचा दाब) सोसणाराच घ्या.

येताना भिंतीचा फोटो आणि विजेचं बिल घेऊन या, बाकीचं दुकानात बसून ठरवू.