सोनोराचा वळीव आणि कॅलिफोर्नियाचा उन्हाळा

जुलैच्या सकाळी सान डिएगोच्या किनाऱ्यावर समुद्रावरून सरकत आलेल्या करड्या ढगांचं छत असतं. हवा इतकी गार, की अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. दुपारी लगुना डोंगरांच्या माथ्यावर पांढरेशुभ्र ढग फुलकोबीसारखे फुगत वर चढतात. आणि डोंगर ओलांडला, की किनाऱ्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर अँझा-बोरेगोच्या वाळवंटात पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. हे तिन्ही एकाच काउंटीत, एकाच दिवशी. इथल्या उन्हाळी वादळांची, म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या मान्सूनची गोष्ट समजून घ्यायची, तर हा डोंगर डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

किनारा गार राहतो तो कॅलिफोर्नियाच्या थंड सागरी प्रवाहामुळे. पाण्यालगतची गार, जड हवा खाली बसते आणि वरच्या उष्ण हवेचं झाकण तिला उठू देत नाही. ढग उंच वाढायला वावच मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यात किनाऱ्यावर गडगडाट दुर्मीळ. बहुतेक वेळा मोसमी ओलावा तिथे पोचतो तो वाळवंटातल्या वादळांचे विरलेले उंच ढग होऊन. पण कधीकधी वीजही पोचते. २७ जुलै २०१४ रोजी लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीचवर वीज कोसळली आणि पोहायला उतरलेला एक तरुण गेला. अशा पावसाची सवय नसलेल्या किनाऱ्यावर ढग भरून आले, तरी माणसं पाण्याबाहेर येत नाहीत.

या पावसाचं मूळ दक्षिणेला आहे, मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात आणि सिएरा माद्रे ऑक्सिदेंताल या पर्वतरांगेच्या पश्चिम उतारावर. तिथे पावसाळ्याला ‘लास आग्वास’, म्हणजे नुसतं ‘पाणी’ म्हणतात. २४ जूनच्या सान हुआनच्या सणाला तो येतो, अशी जुनी समजूत. आजच्या ॲरिझोनात राहणाऱ्या टोहोनो ओओधाम लोकांचं नवं वर्षच या पावसाच्या तोंडावर सुरू होतं. जूनच्या भाजणाऱ्या उन्हात सग्वारो निवडुंगाची लाल फळं लांब काठीने पाडायची, त्यांचा रस आटवायचा, आंबवायचा आणि ढग खाली यावेत म्हणून तो सगळ्यांनी मिळून प्यायचा. पाऊस पडला, की कोरड्या ओढ्यांच्या तोंडाशी पसरणाऱ्या पाण्यावर टेपरी घेवडा पेरायचा. हे पीक दुष्काळ सोसतं आणि आलेल्या पुरावर लवकर हाती येतं. हवामानशास्त्राने या पावसाला नाव देण्याच्या कितीतरी आधी या लोकांनी त्याचा स्वभाव ओळखून शेती बसवली होती. हा इतिहास सांगताना त्यांना तळटीपेत ढकलणं मला अन्यायाचं वाटतं.

‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला, आपला ‘मोसम’ही त्याच घरचा. अमेरिकेत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुळला. मराठी वाचकाने मात्र नाव ऐकून आठवडाभराची संततधार डोळ्यांपुढे आणू नये. हा स्वभावाने आपल्या वळवाच्या पावसासारखा आहे: सकाळी निरभ्र, दुपारी तापलेल्या डोंगरावर ढग, संध्याकाळी धूळ, विजा आणि अर्ध्या तासाची झड. कित्येकदा तर ढगाखाली लोंबणारे पावसाचे पडदे दिसतात, पण कोरड्या हवेत ते जमिनीला टेकण्याआधीच आटून जातात. तरीही त्याला मान्सून म्हणणं योग्यच, कारण खरी खूण वाऱ्याची आहे. उन्हाळ्यात उच्च दाबाचं केंद्र उत्तरेकडे सरकतं आणि पश्चिमेचा कोरडा वारा पालटून दक्षिणेचा, आग्नेयेचा ओला वारा सुरू होतो.

हा ओलावा येतो कुठून, यावर अनेक दशकं वाद चालला. नकाशा पाहून मेक्सिकोचं आखात हे सोपं उत्तर वाटायचं. ॲरिझोनाच्या उन्हाळी पावसावर १९५५ साली ब्रायसन आणि लाउरी यांनी लिहिलेल्या गाजलेल्या निबंधाचा कलही तिकडेच होता. पण मध्ये सिएरा माद्रेची भिंत आहे, आणि जमिनीलगतची दमट हवा ती ओलांडणार कशी? १९७० च्या दशकात हेल्स आणि ब्रेनर यांनी दुसरी वाट दाखवली. या डोंगरांच्या पश्चिमेला असलेल्या कॅलिफोर्नियाच्या अरुंद, कोमट आखातातून दमट हवेचे लोंढे उत्तरेला चढतात आणि एका रात्रीत कलराडो नदीच्या वाळवंटात शिरतात. १९९० आणि २००४ मधल्या मोठ्या मोहिमांनी या लोंढ्यांची मोजमापं घेतली. आज मानलं जातं, की खालचा ओलावा मुख्यतः या आखाताचा आणि प्रशांत महासागराचा, तर वरच्या थरात मेक्सिकोच्या आखाताचाही वाटा असतो. २०२१ मध्ये बूस आणि पास्काले यांनी आणखी पुढचा मुद्दा मांडला: पर्वतरांग वरच्या पश्चिमी वाऱ्यालाच वळवते आणि पाऊस पडतो तो त्या वळणामुळे. म्हणजे ज्या डोंगराला अडसर समजत होते, तोच कर्ता निघाला.

हंगाम कधी सुरू झाला म्हणायचं, हाही प्रश्नच होता. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान, सलग तीन दिवस सरासरी ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअस राहिला, की मान्सून आला असं धरत. २००८ पासून राष्ट्रीय हवामान सेवेने १५ जून ते ३० सप्टेंबर अशा पक्क्या तारखा ठरवल्या. लोकांनी आकड्याची वाट न पाहता वेळेत सावध व्हावं, हा हेतू होता.

आणि सावध राहण्याला फार जुनं कारण आहे. १२ ऑगस्ट १८९१ रोजी मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कँपो या डोंगरी वस्तीत ८० मिनिटांत साडेअकरा इंच पाऊस झाल्याची नोंद आहे. इथे पाऊस पडतो एकीकडे आणि माणसं मरतात दुसरीकडे. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनच्या चिंचोळ्या घळीत ११ पर्यटक वाहून गेले. वादळ तिथून कित्येक किलोमीटर दूर होतं. कधी प्रशांत महासागरातल्या चक्रीवादळाचे अवशेष या ओलाव्यात भर घालतात. जुलै २०१५ मध्ये ‘डोलोरेस’च्या ओलाव्याने एरवी जुलैत कोरड्या असणाऱ्या सान डिएगोत पाऊस पाडला आणि वाळवंटात डेझर्ट सेंटरजवळ आंतरराज्य महामार्ग १० वरचा पूल कोसळला.

पाऊस आला नाही, तर मागे उरते ती उष्णता. वादळं उष्णतेतूनच जन्मतात आणि त्यांच्या ढगांनी, गार झोतांनी तिला खाली आणतात. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये ही साखळी तुटली. ३० जूनपासून सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३.३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त गेलं. पूर्ण मोसमात पाऊस ४ मिलिमीटरही झाला नाही, नोंदींतला सर्वांत कमी. फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्णतेने ६४५ माणसं दगावली.

त्याच उन्हाळ्यात, २० ऑगस्टला, ‘हिलरी’ वादळाच्या अवशेषांनी कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात एका दिवसात ५६ मिलिमीटर पाऊस ओतला. तिथे वर्षभरात साधारण तेवढाच पडतो. रस्ते वाहून गेले, राष्ट्रीय उद्यान ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. आणि बॅडवॉटरच्या मिठाच्या पठारावर, समुद्रसपाटीच्या खाली, एक उथळ तळं साचलं, ते महिनोन्‌महिने आटलं नाही.