अमेरिकेतल्या सरकारी शाळेत प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि लसींचं कार्ड

अमेरिकेत बदली झाली की लोक आधी शाळा शोधायला लागतात. तिथे क्रम उलटा आहे: आधी घर ठरतं, मग त्या पत्त्यावरून शाळा ठरते.

याचं मूळ जुनं आहे. मॅसॅच्युसेट्सने १६४७ मध्ये कायदा केला, की ५० कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर नेमावा आणि त्याचा पगार गावातूनच निघावा. आजही शाळा वॉशिंग्टनहून चालत नाहीत. त्या चालवतात तेरा हजारांच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या-त्या भागाच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था, आणि पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणूनच प्रवेशाच्या वेळी पासपोर्टपेक्षा घरभाड्याच्या कराराला जास्त भाव.

पात्रता सोपी आहे. मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहत असलं पाहिजे. एच-४, एल-२ वर, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, आलेल्या मुलांनाही बारावीपर्यंत फी नाही. इमिग्रेशनच्या कारणावरून शाळेने प्रवेश नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवलंय. किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीचा वर्ग) साधारण पाच वर्षं पूर्ण लागतात, पण कधीपर्यंत, ते राज्यागणिक बदलतं. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर, तर न्यूयॉर्क शहरात त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर पाच झाली तरी चालतात.

कागदपत्रं: भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पालकाचं फोटो ओळखपत्र, आधीच्या शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका. ओळखीच्यांकडे उतरला असाल, तर बहुतेक ठिकाणी घरमालकाचं प्रतिज्ञापत्र चालतं. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. नववीच्या पुढच्या मुलांच्या गुणपत्रिका मूळ प्रतीसह न्या. तिथे हायस्कूल पूर्ण करायला लागणारे क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची मोजणी) त्यांवरूनच मोजतात.

खरी अडचण लसींच्या कार्डावर येते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत, शिवाय गालगुंडाचीही लस लागते. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी यादीत नाहीच, तिथे मात्र शाळा ती मागतात. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून गोवर-गालगुंड-रुबेलाची आणि कांजिण्यांची अशा दोन्ही लसी घेऊन टाका, आणि तारखा महिन्याच्या नावासकट इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासह आणा. ०५/०३ म्हणजे आपली ५ मार्च, तिथल्या नर्सला ती ३ मे वाटते. काही ठिकाणी क्षयाची त्वचाचाचणीही मागतात; ती लहानपणी घेतलेल्या बीसीजी लसीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. अशा वेळी रक्तचाचणी करता येते का, ते विचारा.

अर्ज डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर भरतात. त्यात घरी कोणती भाषा बोलता, हा प्रश्न असतो. काही पालक घाबरून 'इंग्रजी' लिहितात. तसं करू नका, मराठी लिहा. मुलाची इंग्रजीची चाचणी होईल, गरज दिसली तर जादा मदत फुकट मिळेल. ती नको असेल तर लेखी नकार देता येतो.