छोट्या रेल्वेच्या डब्याला तेल का देऊ नये

मॉडेल रेल्वेचा डबा अडखळू लागला की हात आधी तेलाच्या कुपीकडे जातो. खरी रेल्वे वंगणावर चालते, मग हिलाही एक थेंब दिला तर बिघडलं कुठे? पण डबा लहान होताना सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. एचओ मापाचा डबा मूळ डब्याच्या १/८७ असतो. म्हणजे पृष्ठभाग ८७ च्या वर्गाने घटतो, वजन मात्र घनाने. साठ टनांचा डबा हुबेहूब लहान केला तर जेमतेम ९१ ग्रॅम भरेल! तेलाचा चिकटपणा पृष्ठभागाला धरून असतो, त्यामुळे इतक्या हलक्या डब्याला तो चांगलाच जाणवतो. त्यात तेल धूळ धरतं, घट्ट होतं, ओघळून रुळांवर येतं, आणि काही तेलांनी प्लास्टिकला तडे जातात.

म्हणून इथे कोरडं वंगण. सर्वांत ओळखीचं म्हणजे ग्राफाइट, तेच पेन्सिलीतलं. त्यात कार्बनचे अणू पातळ थरांत बसलेले असतात. थराच्या आत बंध पक्के, पण दोन थरांमधली पकड अगदी ढिली, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात. मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: ही घसरण एकट्या ग्राफाइटची नाही, तिला हवेतल्या बाष्पाची साथ लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज वाहून नेणारे ग्राफाइटयुक्त कार्बनचे ठोकळे, झपाट्याने झिजू लागले, कारण तिथली हवा कमालीची कोरडी होती. बाष्पाचे रेणू थरांच्या उघड्या कडांना चिकटून त्यांची पकड मोडतात. ते नसले की ग्राफाइट घासू लागतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचं नेमकं उलट. ते निर्वातातच उत्तम चालतं, म्हणून अवकाशयानांत वापरतात.

घरातल्या हवेत ग्राफाइट पुरेसं आहे. चाकं काढून आसाची टोकं आणि ती बसतात ते खळगे पुसून घ्यावेत, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढीच पूड खळग्यात घालावी, चाकं बसवून फिरवावीत आणि उरलेली पूड मऊ ब्रशने झटकावी. डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलरच्या सांध्यातही तिचा छान उपयोग होतो. मात्र ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे चाक आणि आस यांच्यामधल्या विद्युतरोधक भागावर ती साचू देऊ नये. इंजिनाच्या गिअरला ही पूड नको, तिथे प्लास्टिकला चालणारं ग्रीसच हवं.

फरक पडला का, हे मोजता येतं. एक मीटर सरळ रूळ घ्या, त्यावर डबा ठेवा आणि एक टोक हळूहळू उचला. डबा दोन सेंटीमीटर उंचीवर सुटला, तर त्याला अडवणारं बल वजनाच्या सुमारे दोन टक्के आहे. पूड घातल्यावरही ही उंची कमी झाली नाही, तर आस खळग्यात घट्ट बसला आहे किंवा चाक डब्याच्या तळाला घासतं आहे, आणि तिथे कुठलंच वंगण कामाचं नाही.