लॅबमधल्या प्रिन्सपासून लिनक्सपर्यंत : तीन नादांचं एकच मूळ

१९९५-९६ साल असेल, ठाण्यात आमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅब नुकतीच झाली होती. आठवड्याला एक तास, एका मशीनवर तिघं, बूट दाराबाहेर, आत एसी, आणि काळ्या स्क्रीनवर डॉसचा (म्हणजे टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या जुन्या सिस्टिमचा) तो सी कोलन. सर बेसिक नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी सोडायचे, त्या दहा मिनिटांसाठी अख्खा वर्ग आठवडाभर थांबायचा कारण तेव्हा प्रिन्स ऑफ पर्शिया नाहीतर डेंजरस डेव्ह खेळायला मिळायचं. दहावीतल्या एका दादाने सांगितलेलं की नुसतं प्रिन्स टाइप करू नका, पुढे स्पेस देऊन मेगाहिट टाइप करा, मग शिफ्ट आणि टी दाबलं की जीव वाढतो. घरी इंटरनेट कुणाकडेच नव्हतं, तरी हा शब्द तोंडी तोंडी सगळ्या शाळांत पोचला होता, कल्याणच्या माझ्या चुलतभावालाही माहीत होता.

आता वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर लोक विचारतात की तुला लिनक्स (विंडोजसारखीच, पण कोड सगळ्यांना खुला असलेली ऑपरेटिंग सिस्टिम), गेम्स आणि विज्ञानकथा असे तीन तीन नाद कसे काय, वेळ कसा मिळतो. मला ते तीन कधी वाटलेच नाहीत. जुनं सगळं वाचत गेलं की कळतं, ही तिन्ही एकाच घरात वाढलेली भावंडं आहेत, आणि त्या घराची गोष्ट मराठीत कुणी सलग सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

सुरुवात अमेरिकेत एमआयटीत, १९६१-६२ ला. तिथे टेक मॉडेल रेलरोड क्लब नावाचा विद्यार्थ्यांचा क्लब होता, खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ, सिग्नल आणि त्याखालचं वायरिंग करणारी मुलं. (१८५३ ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी आमच्या ठाण्याला आली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या इतिहासात मध्येच रेल्वे आलेली बघून ठाणेकर म्हणून मला फार बरं वाटलं.) ‘हॅक’ हा शब्द आज ज्या अर्थाने कॉम्प्युटरवाले वापरतात तो याच क्लबातून आला, एखादी गोष्ट डोकं लढवून भारी जमवणे म्हणजे हॅक, बँक अकाउंट लुटणे वगैरे अर्थ फार नंतर चिकटले. तर एमआयटीत पीडीपी-१ नावाचं मशीन आलं, किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास, आणि त्याला गोल स्क्रीन होती. याच क्लबातला स्टीव्ह रसेल आणि त्याचे मित्र तेव्हा ई. ई. स्मिथच्या अंतराळकादंबऱ्या वाचून भारावलेले होते, त्यांना वाटलं या स्क्रीनवर दोन यानांची लढाई झाली पाहिजे. रसेल बरेच दिवस टाळत होता, म्हणे साइन-कोसाइन काढायचा प्रोग्रॅम माझ्याकडे नाही, तर अ‍ॅलन कोटोक मशीन बनवणाऱ्या डेक कंपनीतून तो प्रोग्रॅमच घेऊन आला आणि रसेलपुढे ठेवला. मग काय, लिहावंच लागलं. १९६२ मध्ये स्पेसवॉर तयार झाला.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. रसेलच्या पहिल्या आवृत्तीत तारे असेच कुठेही टाकलेले होते, ते पीटर सॅमसनला खटकलं, त्याने खऱ्या आकाशातले तारे खऱ्या जागी, कमीजास्त तेजासकट बसवले. डॅन एडवर्ड्सने मधोमध एक सूर्य आणि त्याचं गुरुत्वाकर्षण घातलं. मार्टिन ग्रेट्झने हायपरस्पेस घातलं, म्हणजे अडचणीत सापडलात की बटण दाबून गायब व्हायचं आणि दुसरीकडेच कुठेतरी उगवायचं. कोटोक आणि बॉब सॉन्डर्सने हातात धरायचे कंट्रोल बनवले. कोणी कोणाची परवानगी काढली नाही, कोड म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम कागदी टेपवर होता, ज्याला पाहिजे त्याने टेप घ्यावी आणि भर घालावी. ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणे) हा शब्द यायला अजून छत्तीस वर्षं होती, पण ही माणसं ते जगत होती, आणि हे सगळं विज्ञानकथेच्या वेडापायी एका गेमवर चाललं होतं. पुढे डेक कंपनी नवीन मशीन नीट चालतंय का हे तपासायला हाच गेम वापरायला लागली.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट तर याहून थेट आहे आणि इंजिनिअरिंगला आम्हाला ती कोणी सांगितली नाही, आम्ही कर्नेल, शेल, इनोड पाठ करत बसलो. १९६९ ला अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने मल्टिक्स नावाच्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तिथल्या केन थॉम्प्सनने स्पेस ट्रॅव्हल नावाचा गेम लिहिला होता, आपली सूर्यमाला, त्यात यान चालवायचं आणि ग्रहांवर, चंद्रांवर उतरवायचं. मोठ्या मशीनवर एक डाव खेळला की कॉम्प्युटरच्या वेळाचा हिशोब साधारण ७५ डॉलर यायचा! मग त्याने कोपऱ्यात फारसं कुणी वापरत नसलेलं पीडीपी-७ मशीन शोधलं, डेनिस रिचीच्या मदतीने गेम तिकडे नेला, आणि ते करता करता मशीनची सगळी खोड कळली. नंतर त्याची बायको मुलाला घेऊन काही आठवडे नातेवाइकांकडे गेली तेवढ्यात त्याने साधारण एकेक आठवडा एकेका भागाला देऊन सिस्टिमचा पाया उभा केला, तेच युनिक्स. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, लिनक्स युनिक्सच्या वळणावर बांधलेलं, आणि युनिक्सच्या मुळाशी एका माणसाची गुरूच्या चंद्रावर उतरून बघायची हौस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला कोणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं.

१९७६-७७ ची आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. विल क्राउदर हा अर्पानेटच्या म्हणजे इंटरनेटच्या आजोबाच्या कामातला इंजिनिअर, गुहा धुंडाळायचा छंद, त्याने मुलींसाठी गुहेतला शब्दांचा गेम लिहिला. डॉन वूड्सला तो स्टॅनफर्डच्या मशीनवर सापडला, त्यात भर घालायची होती पण लेखक कुठे आहे ते ठाऊक नाही, म्हणून त्याने नेटवर्कवरच्या एकूण एक मशीनवर क्राउदरच्या नावाने मेल टाकली. उत्तर आलं, कोड मिळाला, गेम वाढला. तेव्हा हे शक्य होतं कारण नेटवर्कच तेवढं छोटं होतं.

मग दारं बंद व्हायला लागली. सॉफ्टवेअर विकायची वस्तू झाली, कोड कुलपात गेला. त्याच एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनला लॅबमधल्या नवीन प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा कोड नाकारला गेला, जुन्या प्रिंटरला त्याने कागद अडकला की सगळ्यांना मेसेज जाईल अशी सोय केली होती, नव्याला ती करता येईना. हा प्रसंग तो स्वतः नेहमी सांगतो. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने युनिक्ससारखी पण सगळ्यांना खुली सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ ला जीपीएल लायसन्स आलं, म्हणजे कोड घ्या, बदला, वाटा, पण पुढच्याचा तोच हक्क मारू नका.

आणि इथे माझा प्रिन्स परत येतो. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सने नवा ३८६ कॉम्प्युटर घेतला, त्यावर त्याला मिनिक्स ही युनिक्ससारखी छोटी सिस्टिम टाकायची होती पण त्याच्या फ्लॉप्या यायला वेळ लागला, तोवर तो काय करत होता, तर प्रिन्स ऑफ पर्शिया खेळत होता. तोच गेम! ऑगस्टमध्ये त्याने मी एक छंद म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम करतोय असं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी लिनक्स जीपीएलखाली आलं.

आपल्याकडे हे कसं पोचलं? १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, विद्यार्थ्यांसाठी शेल अकाउंट असायचं म्हणजे चित्र नाही, माउस नाही, नुसती अक्षरं, आणि पलीकडे युनिक्स. त्यामुळे युनिक्सच्या कमांड आधी हाताला बसल्या आणि त्याला युनिक्स म्हणतात हे नंतर कळलं असे बरेच जण त्या पिढीत आहेत. दुसरा रस्ता म्हणजे मासिकाबरोबरची सीडी. १९९६ पासून पीसीक्वेस्ट मासिक लिनक्सची सीडी देऊ लागलं, त्यामागे अतुल चिटणीस होते, ते बंगळूरला असायचे, २०१३ ला वारले. डायल-अपवर साडेसहाशे एमबी उतरवायचं म्हणजे कित्येक दिवस लाइन अडवून बसणं आणि वर फोनचं बिल, त्यामुळे ती सीडी नसती तर माझ्यासारख्यांच्या हाती लिनक्स लागलंच नसतं, हे मी अगदी मनापासून म्हणतो.

मला ती नौपाड्यात रद्दीच्या दुकानात जुन्या अंकासकट मिळाली, २००० साल, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. लिनक्स चढलं, लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन दिसला, पण फोनलाइनवरून इंटरनेट जोडणारा मोडेम काही केल्या लागेना. पंधरा दिवस घातले. मग कळलं की दुकानदाराने दिलेला तो स्वस्तातला आतला मोडेम अर्धाच मोडेम आहे, उरलेलं काम विंडोजमधलं ड्रायव्हर सॉफ्टवेअर करतं, आणि त्याचा कोड कोणाकडेच नाही, याला विनमोडेम म्हणतात. पैसे जमवून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सीरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम आणला तेव्हा ती घरघर आणि शिट्टी लिनक्समधून ऐकू आली. स्टॉलमनच्या प्रिंटरची गोष्ट मी त्यानंतर वाचली आणि एका वाक्यात समजली, कारण माझा प्रिंटर म्हणजे तो मोडेम होता. पुढच्याच वर्षी, २००१ ला, स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भारतातली शाखा उभी राहिली, तिचं काम बरीच वर्षं सांभाळणारे नागार्जुन हे वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते, म्हणजे चळवळ आमच्यापासून दोन-तीन गाड्या बदलण्याच्या अंतरावर होती.

विज्ञानकथा मात्र माझ्याकडे इंग्रजीतून आल्या नाहीत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, बाबा तिथले सभासद, त्यांच्या कार्डावर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि मग जयंत नारळीकर. नारळीकरांची सुरुवात मला फार जवळची वाटते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली, नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या कथांचं कौतुक केलं आणि २०२१ ला नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर स्वतः झाले. मे २०२५ मध्ये ते गेले त्या दिवशी मी ऐरोलीला ऑफिसात होतो, काम सुचलं नाही. नाव बाजूला ठेवून काम लोकांपुढे टाकायचं आणि कामावरून ठरू द्यायचं ही जी रीत त्यांनी पाळली, तीच रीत मला पुढे लिनक्सच्या जगात दिसली, तिथे तुमचा पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती बघतात, डिग्री नाही. म्हणून ते जग परकं वाटलं नाही.

एक छोटी गोष्ट मध्येच, कारण नंतर राहून जाईल. गेममध्ये आपलं जे रूप असतं त्याला जगभर अवतार म्हणतात, तो आपलाच शब्द, १९८५ च्या आसपास अल्टिमा ४ आणि हॅबिटॅट या गेम्सनी तो उचलला.

२००० नंतरचं भराभर सांगतो. लिनक्सवर मराठी दिसायला लागणं हे मोठं काम होतं, जोडाक्षरं तुटायची, र्‍ह आणि ऱ्या यांची तर वाट लागायची. २००४ ला रेड हॅट या लिनक्सच्या कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीकडचे लोहित फॉन्ट जीपीएलखाली खुले केले, लोहित म्हणजे लाल, आणि मेनूपासून फायरफॉक्सपर्यंत मराठी भाषांतरं लोकांनी रात्री जागून फुकट केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली आणि आमच्यासारख्यांची नोकरी ऐरोली, रबाळे, महापेला सरकली, जिथे आधी केमिकलचे कारखाने होते तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती आहेत, आत बहुतेक लिनक्सच चालतं. गेम्सना लिनक्सवर यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, २०१८ ला प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा विंडोजचे गेम लिनक्सवर धड चालायला लागले.

पण गेमवाल्यांनी कोड उघडायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. लॅबमधला आमचा डेव्ह लिहिणारा जॉन रोमेरो, त्याच्याच कंपनीने १९९३ ला डूम काढला, आणि १९९७ च्या डिसेंबरात त्याच कंपनीतल्या जॉन कारमॅकने डूमचा सोर्स कोड लोकांपुढे ठेवला, १९९९ ला तो जीपीएलखाली गेला. स्पेसवॉरच्या कागदी टेपेनंतर पस्तीस वर्षांनी चक्र परत तिथेच आलं. प्रिन्सचा मूळ कोड मात्र हरवला होता. २०१२ मध्ये प्रिन्स लिहिणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांनी जुन्या सामानाचा एक खोका पाठवला, त्यात फ्लॉप्या निघाल्या, माहितगार लोकांनी जपून वाचल्या आणि अ‍ॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरसाठीचा तो अख्खा असेम्ब्ली कोड मेकनरने सगळ्यांना वाचायला टाकला. आपण खेळायचो ती डॉसची आवृत्ती काही लोकांनी मशीन कोड उलगडून सी भाषेत नव्याने लिहिली, एसडीएलपॉप नावाने, ती जीपीएलखाली आहे.

गेल्या दिवाळीत घणसोलीहून भाचा आला होता, सहावीत आहे, त्याला ती लावून दिली. तळघरातल्या त्या खाली कोसळणाऱ्या फरशा बघून माझ्याच अंगावर काटा आला. दोनदा मेल्यावर तो म्हणाला, “मामा, साठच मिनिटं का?” मी म्हटलं ते लिहिणाऱ्याने ठरवलंय. मग त्याला सेटिंगची फाइल उघडून दाखवली, त्यात एक ओळ असते, उरलेली मिनिटं, पुढे साठ. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने साठ खोडून नव्वद केलं, सेव्ह केलं आणि परत खेळायला बसला.