आतड्याचा कॅन्सर आणि रिपोर्टातला सीआरपी

इंदुरात एमवाय रुग्णालयाच्या आसपासच्या एखाद्या लॅबमधून मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधीचा रिपोर्ट हाती येतो. सीआरपी (शरीरात कुठे दाह, म्हणजे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) 34, पुढे वर गेलेला बाण. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) 2.9, बाण खाली. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे पसरलाय का हो?" तसं नाही. सीआरपी साध्या तापातही चढतो. तरी हे दोन आकडे एकत्र का पाहतात, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

1863 मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खोला गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसल्या आणि दाह मुरतो तिथे कॅन्सर धरतो, असा त्याने अंदाज बांधला. आतड्यापुरता दुवा 1925 चा. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण असण्याचा आजार) रुग्णाला गुदाशयाचा कॅन्सर झाल्याचं न्यूयॉर्कच्या क्रोन आणि रोझेनबर्ग यांनी नोंदवलं. सीआरपी सापडला 1930 मध्ये, तोही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. कॅन्सरशी तेव्हा त्याचा काडीचा संबंध नव्हता.

कोलायटिसमुळे होणारे आतड्याचे कॅन्सर मात्र एकूणात थोडेच. म्हणून मला खरी गोष्ट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोपासून सुरू झाली असं वाटतं. तिथल्या सर्जन मंडळींनी रोग कुठून आला हे बाजूला ठेवून रुग्णाचं पुढे काय होतं, ते पाहिलं. 2003 मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी केलेला त्यांचा गुणांक सुधारून 2007 मध्ये मोठ्या आतड्याच्या रुग्णांनाही लावला गेला. सीआरपी 10 च्या वर असेल तर 1 गुण. त्यातच अल्ब्युमिन 3.5 च्या खाली असेल तर 2. नुसतं अल्ब्युमिन कमी असेल तर शून्यच. (त्यांच्याकडे 35 लिहितात, आपल्याकडे 3.5; फरक एककाचा.) स्टेज तीच असली तरी 2 गुणवाल्यांचं आयुष्य सरासरीने कमी निघालं. दाहाचे निरोप पोचले की यकृत सीआरपी बनवायला लागतं, अल्ब्युमिन घटतं, स्नायू झिजतात. पेशंट जेवतोय तरी वाळत का चाललाय, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

गंमत म्हणजे गाठीच्या आतली गोष्ट उलटी आहे. 2006 मध्ये पॅरिसच्या जेरोम गालोंच्या गटाने दाखवलं, की गाठीत टी पेशी (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दाटीने शिरल्या असतील तर रोग उलटण्याची, म्हणजे परत येण्याची शक्यता कमी. रक्तातला दाह वाईट, गाठीतला हा पहारा चांगला. बायोप्सीच्या रिपोर्टात 'लिम्फोसाइट' (टी पेशी याच जातीच्या) दिसलं की घाबरणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मग दाह दाबणारी ॲस्पिरिन का देत नाहीत? 2025 मध्ये निकाल आलेल्या 'अलास्का' (ALASCCA) नावाच्या चाचणीत रोज 160 मिलिग्रॅमने रोग उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण ते ठरावीक जनुकबदल असलेल्या गाठींपुरतं, आणि ऑपरेशननंतर. तो बदल कळायला गाठीची वेगळी तपासणी लागते. पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असतोच, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये.