पोर्तुगीजमधलं 'वोसे' म्हणजे आपलं 'तुम्ही' नव्हे

'पोर्तुगीजमध्ये तू म्हणजे तू आणि वोसे म्हणजे तुम्ही. मोठ्यांशी वोसे म्हणा, चुकणार नाही.' पोर्तुगीज शिकणाऱ्या मुलांपर्यंत ही टीप हमखास पोचते. तिचा पहिला भाग बरोबर आहे. घोळ दुसऱ्यात आहे, आणि तो होणं साहजिक आहे, कारण आपल्या डोक्यात तू-तुम्हीची जोडी पक्की बसलेली असते.

'वोसे' मुळात 'वॉसा मेर्से', म्हणजे 'आपली कृपा'. झिजत झिजत त्याचं 'वोसे' झालं. एके काळी ते मानाचं होतं, पण शब्दाबरोबर मानही झिजला. आज ब्राझीलच्या बऱ्याच भागांत मित्रही एकमेकांना 'वोसे' म्हणतात. दक्षिणेत आणि ईशान्येत मात्र 'तू' भरपूर ऐकू येतं. पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना तोंडावर 'वोसे' म्हटलं तर अनेकांना ते खटकतं. खऱ्या आदरासाठी दोन्ही देशांत पुरुषाला 'उ सेन्योर' किंवा स्त्रीला 'आ सेन्योरा' आहे. पोर्तुगालमध्ये तर समोर बसलेल्या मारीयालाच 'मारीयाला कॉफी हवी का?' असं विचारतात. आपल्याकडच्या 'काय, रावसाहेबांचं जेवण झालं का?' सारखंच!

पडताळायचं तर व्याकरणाच्या पुस्तकात 'बोलणे' या क्रियापदाचा तक्ता उघडा. 'तू'पुढे 'फालास', पण 'वोसे'पुढे 'फाला', आणि 'तो', 'ती'पुढेही 'फाला'च. समोरच्याला तृतीयपुरुषी क्रियापद लागतं, ते त्या जुन्या 'कृपे'मुळे.